टॉवर नसताना पोचणारी हाक: ट्रंक्ड रेडिओच्या जोडीला साधे चॅनल का ठेवतात

घराच्या तळघरात आग लागली आहे. धुरात स्वतःचा पंजाही दिसत नाही. खाली उतरलेल्या अग्निशमन जवानाला जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या जोडीदाराला एवढेच सांगायचे आहे, की पाण्याचा दाब वाढवा. दोघांमध्ये अंतर फार तर पंधरा मीटर. तो रेडिओचे बटण दाबतो आणि पलीकडच्या आवाजाऐवजी त्याच्याच रेडिओतून एक जाड, खर्जातला सूर उमटतो. अमेरिकेतले जवान त्या सुराला ‘बाँक’ म्हणतात. अर्थ असा की तुझा रेडिओ टॉवरपर्यंत पोचत नाही, त्यामुळे तुला बोलता येणार नाही.

पंधरा मीटरवरच्या माणसाशी बोलायला कित्येक किलोमीटरवरचा टॉवर मध्ये आलाच कशाला? या प्रश्नाचे उत्तर समजले, की अमेरिकेतली शहरे कोट्यवधी डॉलर खर्चून ‘ट्रंक्ड’ नावाची अत्याधुनिक रेडिओ यंत्रणा उभारतात आणि तरीही तिच्या शेजारी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या धाटणीचे साधे चॅनल का सांभाळून ठेवतात, ते आपोआप उलगडते. मला हा विषय फार जवळचा वाटतो, कारण इथे तांत्रिक निर्णयाची किंमत थेट माणसाच्या श्वासात मोजली जाते.

आधी साधा चॅनल म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीत त्याला ‘कन्व्हेन्शनल’ म्हणतात. एक ठरलेली फ्रिक्वेन्सी, एक ठरलेले खाते. अग्निशमन दलाची एक, पोलिसांची एक, रस्ते विभागाची एक. बटण दाबले की रेडिओ त्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो आणि तीच फ्रिक्वेन्सी लावून बसलेला प्रत्येक जण ऐकतो. मध्ये परवानगी देणारे कोणी नाही. लांब पल्ला हवा असेल तर डोंगरावर किंवा उंच इमारतीवर रिपीटर बसवतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात पुन्हा बोलतो. रिपीटरही नको असेल तर हँडसेट ते हँडसेट थेट बोलता येते. या थेट पद्धतीला ‘सिम्प्लेक्स’ म्हणतात. शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारावी, तसा हा प्रकार. हाक जाईल तिथपर्यंत जाईल, पण ती जाण्यासाठी गावात कोणाला विचारावे लागत नाही.

अडचण अशी, की फ्रिक्वेन्सी मोजक्या आणि खाती पुष्कळ. शिवाय वापर विषम असतो. रस्ते विभागाचा चॅनल दिवसभर जवळपास मुका असतो, तर त्याच वेळी पोलिसांच्या चॅनलवर बोलायला फट मिळत नाही. फलाट रिकामा पडला आहे, पण तो दुसऱ्या गाडीचा म्हणून आपली गाडी बाहेर ताटकळते आहे.

एसटी स्टँडचेच उदाहरण पुढे नेऊ. प्रत्येक गावाच्या गाडीला कायमचा एक फलाट देण्याऐवजी नियंत्रकाच्या खिडकीतून जाहीर करायचे, की अमुक गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे. जो फलाट मोकळा, तो त्या क्षणी तुमचा. ट्रंक्ड रेडिओ नेमका असाच चालतो. सगळ्या खात्यांच्या फ्रिक्वेन्सी एका गाठोड्यात बांधायच्या आणि एक चॅनल नियंत्रकासाठी राखून ठेवायचा. तो ‘कंट्रोल चॅनल’. त्यावर माणसांचे बोलणे नसते, संगणकाच्या सूचनांचा अखंड प्रवाह असतो. तुम्ही बटण दाबले की तुमचा रेडिओ आधी कंट्रोल चॅनलवर विनंती पाठवतो. संगणक मोकळी फ्रिक्वेन्सी शोधतो आणि तुमच्या गटातल्या सगळ्या रेडिओंना तिकडे वळवतो. या गटाला ‘टॉकग्रुप’ म्हणतात. मग तुम्हाला छोटी ‘बोला’ अशी टिटिट ऐकू येते. हे सारे अर्ध्या सेकंदाच्या आत घडते. पुढचे वाक्य कदाचित वेगळ्याच फ्रिक्वेन्सीवरून जाईल, तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

याने किती फायदा होतो, याचा हिशोब कागदावर करता येतो. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९१७ मध्ये त्याची सूत्रे मांडली. समजा पाच खात्यांना पाच स्वतंत्र चॅनल दिले आहेत आणि प्रत्येक चॅनल सरासरी ४० टक्के वेळ व्यग्र आहे. मग बटण दाबणाऱ्या १०० जणांपैकी साधारण ४० जणांना थांबावे लागेल. आता तेवढेच बोलणे आणि तेच पाच चॅनल एकत्र करा. एरलांगच्या सूत्राने थांबणाऱ्यांची संख्या येते सुमारे सहा. कंट्रोल चॅनलसाठी एक फ्रिक्वेन्सी जादा द्यावी लागते, हे धरूनही सौदा फायद्याचाच. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या सार्वजनिक सुरक्षा संघटनांनी अशा यंत्रणेकडून नेमके काय हवे ते लिहून काढले. पुढे १९८९ मध्ये ‘प्रोजेक्ट २५’ नावाने डिजिटल रेडिओचा मानक ठरवण्याचे काम सुरू झाले, आणि आज तिथल्या बहुतेक मोठ्या शहरांत व जिल्ह्यांत पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका याच धर्तीच्या ७०० आणि ८०० मेगाहर्ट्झवरच्या यंत्रणांवर बोलतात.

आता तळघरातल्या जवानाकडे परत येऊ. त्याच्या रेडिओला आधी नियंत्रकाची खिडकी गाठावी लागते. काँक्रीट, माती आणि लोखंड यांच्या आड गेलेला पाच वॉटच्या आतबाहेरचा हँडसेट दूरच्या टॉवरपर्यंत पोचला नाही, तर फलाट मिळत नाही. जोडीदार पंधरा मीटरवर आहे, पण नियम असा की हाक आधी तालुक्याच्या गावी जाऊन यायची. म्हणूनच कित्येक दले आगीच्या ठिकाणी पोचल्यावर ट्रंक्ड यंत्रणा सोडून साध्या सिम्प्लेक्स चॅनलवर येतात. त्याला ‘फायरग्राउंड’ चॅनल म्हणतात. घटनास्थळावरच्या संवादासाठी वेगळा चॅनल असावा आणि तो साध्या अ‍ॅनालॉग सिम्प्लेक्सवर, म्हणजे आवाज आकड्यांत न बदलता थेट पाठवणाऱ्या चॅनलवर, चालू शकेल असा असावा, ही अपेक्षा अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या मानकातही नोंदली गेली.

अ‍ॅनालॉगचा आग्रह नुसता जुन्याच्या मायेतून आलेला नाही. आगीच्या जागी भयंकर गोंगाट असतो. करवतीचा, पंपाचा, जवान हालचाल करेनासा झाला तर आपोआप वाजणाऱ्या त्याच्या अंगावरच्या भोंग्याचा, हवेची टाकी संपत आल्याच्या घंटेचा. डिजिटल रेडिओ आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. माणसाचा गळा कसा चालतो याचे गणिती रूप मनात धरून तो बोलण्याला थोड्या आकड्यांत दाबून बसवतो. त्यात करवत घुसली की त्या गणिताचा गोंधळ उडतो आणि पलीकडे शब्दांऐवजी घरघर ऐकू येते. अमेरिकी सरकारच्या दूरसंचार विभागाच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये अशा आवाजांत ऐकणाऱ्यांना शब्द किती कळतात, याच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. काही प्रकारच्या गोंगाटात त्या वेळचे डिजिटल रेडिओ अ‍ॅनालॉगच्या मागे पडले. अग्निशमन प्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही त्याच वर्षी हा प्रश्न लावून धरला. पुढे आवाज दाबण्याची पद्धत आणि मायक्रोफोन दोन्ही सुधारले, हे न्यायाने सांगायला हवे. तरी एक फरक उरतोच. सिग्नल अशक्त होऊ लागला की अ‍ॅनालॉगमध्ये खरखर वाढत जाते आणि कान सावध होतो. डिजिटलमध्ये शेवटपर्यंत स्वच्छ आवाज असतो आणि मग कड्यावरून पाय घसरावा तसा एकदम शून्य. खरखरीतून अर्धे वाक्य कळले तरी धुरातल्या माणसाला ते पुरते.

सिम्प्लेक्सची बाजू घेताना त्याची उणीव झाकून चालणार नाही. दूरच्या नियंत्रण कक्षाला हे बोलणे ऐकू येत नाही. ते आपोआप ध्वनिमुद्रित होत नाही. ट्रंक्ड रेडिओत संकटाचे लाल बटण दाबले की कोणी दाबले ते नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर लगेच दिसते, साध्या चॅनलवर ती सोय बहुधा नसते. म्हणून घटनास्थळाच्या प्रमुखाजवळ एक माणूस दोन्ही कान उघडे ठेवून बसवावा लागतो. एका कानाला सिम्प्लेक्स, दुसऱ्याला ट्रंक्ड. हे काम दिसायला किरकोळ, पण आत अडकलेल्या जवानाची हाक बाहेर पोचवणारा दुवा तोच असतो. ब्रिटनमध्येही हीच विभागणी आहे. अग्निशमन गाड्या नियंत्रण कक्षाशी राष्ट्रव्यापी एअरवेव्ह यंत्रणेवर बोलतात आणि आगीच्या जागी जवान यूएचएफच्या (३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यातल्या) साध्या हँडसेटवर.

आगीखेरीज इतरही कोपऱ्यांत साधे चॅनल टिकून आहेत. अमेरिकेतले बहुसंख्य अग्निशमन जवान पगारी नोकर नाहीत, स्वयंसेवक आहेत. दिवसा सुतारकाम, शेती, दुकान, आणि कमरेला पेजर. नियंत्रण कक्षातून ठरलेले दोन सूर एकापाठोपाठ एक वाजले की त्या गावच्या स्वयंसेवकांचे पेजर जागे होतात आणि पत्ता ऐकवतात. हा पेजर म्हणजे एक स्वस्त, फक्त ऐकणारा व्हीएचएफ (३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला) रेडिओ. बोलणे केव्हाच ट्रंक्डवर गेलेल्या जिल्ह्यांतही हाळी देण्यासाठी जुनी व्हीएचएफ फ्रिक्वेन्सी जिवंत असते, कारण प्रत्येक स्वयंसेवकाला महागडा डिजिटल रेडिओ देणे छोट्या गावांच्या आवाक्यात नसते. रुग्णवाहिका आणि रुग्णालय यांच्यासाठी १५५.३४० मेगाहर्ट्झ ही फ्रिक्वेन्सी कित्येक दशके वापरात आहे. हेलिकॉप्टर रुग्णाला उचलायला उतरते, तेव्हा जमिनीवरच्या पथकाशी बहुधा साध्या चॅनलवरच बोलते. त्याचे एक कारण मजेशीर आहे: उंचावरून बोलणाऱ्या रेडिओचा सिग्नल एकाच वेळी इतक्या टॉवरना पोचतो, की जमिनीसाठी आखलेल्या ट्रंक्ड यंत्रणेला ते मानवत नाही.

आता शेजाऱ्यांची गोष्ट. ट्रंक्ड यंत्रणेत प्रत्येक रेडिओची ओळख आधी नोंदवलेली लागते. दोनशे किलोमीटरवरून मदतीला धावून आलेल्या पथकाचा रेडिओ या यंत्रणेला अनोळखी. त्याला फलाट मिळणार नाही. यासाठी संपूर्ण अमेरिकेत काही साध्या फ्रिक्वेन्सी सर्वांच्या म्हणून राखून ठेवल्या आहेत. व्हीएचएफवर हाक मारायला ‘व्ही-कॉल १०’ म्हणजे १५५.७५२५ मेगाहर्ट्झ, आगीसाठी ‘व्ही-फायर २१’ म्हणजे १५४.२८०, यूएचएफवर ‘यू-कॉल ४०’ म्हणजे ४५३.२१२५, आणि ८०० च्या पट्ट्यात ‘एट-कॉल ९०’ म्हणजे ८५१.०१२५. या अ‍ॅनालॉग चॅनलवर बोलण्याच्या तळाशी १५६.७ हर्ट्झचा एक बारीक गुणगुणता सूर ठेवण्याचा प्रघात आहे. तो असला तरच पलीकडचा रेडिओ तोंड उघडतो, त्यामुळे भटके आवाज गाळले जातात. फ्रिक्वेन्सी आणि सूर एवढे जुळले की झाले. ना नोंदणी, ना संगणकाची मान्यता.

नावांवर इतका भर का, असे वाटेल. पूर्वी एकाच फ्रिक्वेन्सीला प्रत्येक राज्यात वेगळे नाव असे. कॅलिफोर्नियात १५४.२८० ला ‘व्हाइट फायर वन’ म्हणत. दुसरीकडून आलेला जवान स्वतःच्या रेडिओत हे नाव शोधत बसायचा आणि ती फ्रिक्वेन्सी त्याच्याच खिशात भलत्या नावाने पडलेली असायची. संकटात एकमेकांचे ऐकू न येण्याची कारणे नेहमीच काही गहन नसतात.

यंत्रणाच कोसळली तर काय होते, हे न्यू ऑर्लिन्सने सोसले. २९ ऑगस्ट २००५ रोजी कट्रिना चक्रीवादळ आले आणि शहराची ८०० मेगाहर्ट्झची यंत्रणा बंद पडली. ट्रंक्ड यंत्रणा सहसा टप्प्याटप्प्याने हार मानते. आधी मुख्य संगणकाशी संबंध तुटतो आणि प्रत्येक टॉवर आपल्यापुरता स्वतंत्र चालू राहतो. टॉवरचा नियंत्रकही गेला, तर काही यंत्रणांतले रिपीटर आपोआप साध्या चॅनलसारखे वागू लागतात आणि दर काही सेकंदांनी टिक वाजवून सांगत राहतात की आता नियंत्रक नाही, सांभाळून घ्या. पण वीज आणि जनरेटर दोन्ही गेल्यावर हे टप्पेही संपतात. अमेरिकी संसदेच्या चौकशी अहवालानुसार पोलिसांची यंत्रणा तीन दिवस निकामी होती आणि शेकडो बचावकर्मी राखीव यंत्रणेच्या फक्त दोन चॅनलवर बोलण्यासाठी धडपडत होते. कोणी तरी थांबेल, फट मिळेल, मग आपण बोलू, अशी ती वाट पाहणे होते. छपरांवर माणसे बसलेली असताना.

या घटनेतून काही जण असा निष्कर्ष काढतात, की साधे चॅनल कुचकामी ठरले. मला ते पटत नाही. सगळे काही गेल्यावर जे उरले, ते हेच दोन चॅनल होते. चूक संख्येची आणि तयारीची होती. हजार माणसांच्या बोलण्याचा अंदाज करून यंत्रणा बांधली, आणि ती पडली तर त्या हजारांनी कुठे जायचे याचा आराखडा दोन चॅनलवर थांबला. वर केलेला एरलांगचा हिशोब इथे उलटा फिरतो. दोन चॅनलवर शेकडो लोक आले की रांग वाढतच जाते, ती ओसरत नाही.

साधेपणाचीही हमी नसते, हे ११ सप्टेंबर २००१ ने दाखवले. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे हँडसेट ट्रंक्ड नव्हते, साधेच होते. पण वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उंचीत त्यांची हाक वरच्या मजल्यांपर्यंत टिकत नसे, म्हणून १९९३ च्या बॉम्बस्फोटानंतर त्या संकुलात रिपीटर बसवला होता. त्या सकाळी उत्तर टॉवरच्या लॉबीत अधिकाऱ्यांनी तो तपासला, तेव्हा तो चालत नाही असे त्यांना वाटले आणि त्यांनी तो बाजूला ठेवला. चौकशी आयोगाला पुढे आढळले, की रिपीटरच्या नियंत्रण पेटीवरचा मुख्य हँडसेट सुरू करण्यासाठी लागणारे दुसरे बटण दाबले गेले नव्हते. दक्षिण टॉवरमध्ये तोच रिपीटर काही प्रमाणात उपयोगी पडला. एका बटणाची ही गोष्ट वाचताना माझा हात दर वेळी थांबतो. हाक आणि कान यांच्यामध्ये एखादी पेटी आली, की ती पेटी सुरू आहे का हे ठाऊक असणारा माणूसही तिथे लागतो.

साध्या फ्रिक्वेन्सींचे सर्वांत मोठे राज्य पाहायचे असेल तर कॅलिफोर्नियाचे वणवे पाहावेत. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना नारिंगी आकाश आता परके राहिलेले नाही. त्यांच्या शहरातले पोलीस सिलिकॉन व्हॅलीच्या किंवा पूर्वेकडच्या जिल्ह्यांच्या ट्रंक्ड यंत्रणेवर बोलतात. पण डोंगरात आग लागली, की राज्याचे वनाग्नी दल ‘कॅल फायर’ व्हीएचएफच्या साध्या चॅनलवर काम करते. कारण डोंगरदऱ्यांत आहे. १५५ मेगाहर्ट्झची लहर जवळपास दोन मीटर लांब, तर ८५१ ची जेमतेम पस्तीस सेंटिमीटर. लांब लहर टेकडीच्या कडेवरून थोडी वळून पलीकडे उतरते आणि झाडीत कमी अडकते. शहरात, जिथे खिडक्या-दारांच्या फटींतून आत शिरायचे असते, तिथे आखूड लहर बाजी मारते. राज्याचे महामार्ग पोलीस तर त्याहून खाली, ४० मेगाहर्ट्झच्या आसपास, सात मीटरच्या लहरींवर लांबलांबचे रस्ते सांभाळत आले आहेत.

वणव्यात दहा-वीस खाती आणि अनेक राज्यांची पथके येतात. आयडाहोमधल्या बॉइसी येथे राष्ट्रीय वनाग्नी केंद्राचे रेडिओ भांडार आहे. तिथून हजारो हँडसेट आणि उचलून नेता येणारे रिपीटर पेट्यांत भरून निघतात. रिपीटर हेलिकॉप्टरने डोंगरमाथ्यावर उतरवला, खांब उभा केला, बॅटरी जोडली की त्या दरीला आवाज मिळतो. ट्रंक्ड यंत्रणेचा टॉवर आणि तिचे संगणक असे एका दुपारीत डोंगरावर नेणे फार अवघड. वरून पाणी टाकणाऱ्या विमानांसाठी १६८.६२५ मेगाहर्ट्झ ही एक फ्रिक्वेन्सी तातडीच्या आणि संकटाच्या हाकेसाठी राखलेली आहे. तिच्यावर एरवी शांतता पाळतात, म्हणजे हाक आली की ती बुडत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांना एक व्यवहारी गोष्ट सांगून ठेवतो. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ दरम्यान सात साध्या फ्रिक्वेन्सींवर सरकारी हवामान रेडिओ चोवीस तास चालू असतो. वादळ आणि अनेक ठिकाणी वणव्याचे इशारेही तिथे येतात. छोटा बॅटरीवरचा रिसीव्हर स्वस्तात मिळतो. मोबाइलचे टॉवर गेल्यावर घरात ऐकू येणारा तो एक आवाज असेल. भारतात मात्र हौसेने असे रेडिओ, विशेषतः पोलिसांचे बोलणे पकडणारे स्कॅनर, बाळगू नयेत. इथे बिनतारी उपकरणांना परवान्याची आणि नियमांची बंधने आहेत.

राहिला रेडिओच्या माथ्यावरचा खटका. आधुनिक हँडसेटमध्ये शेकडो चॅनल बसतात आणि धोका तिथेच आहे. जाड हातमोजे घातलेला, गुडघ्यांवर रांगणारा माणूस पडदा वाचू शकत नाही, यादी चाळू शकत नाही. त्याला माहीत असते ती फक्त बोटांखालची फिरती चकती. तिला बहुधा सोळा खाचा असतात आणि शेवटच्या खाचेपुढे ती फिरत नाही. म्हणून काही दले रेडिओच्या प्रत्येक विभागात सोळाव्या जागी एकच साधा सिम्प्लेक्स चॅनल बसवतात. बाँक वाजला तर मोजायचे नाही, बघायचे नाही. चकती अडेपर्यंत फिरवायची आणि बोलायचे. सराव करताना नव्या जवानांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून हे करून घ्यावे, आणि जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्याचा रेडिओही त्याच वेळी त्याच खाचेत असल्याची खात्री करून घ्यावी.